अम्मी स्वप्नात पाणी मागते

(पत्र लिहिणारीचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा सारांश देत आहे.)

लेखिका चाळिशी ओलांडलेली, मूळची रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावची, लग्नानंतर मुंब्र्यात स्थायिक. आठ महिन्यांपूर्वी तिची अम्मी गेली. पॅरालिसिसचा झटका आल्यावर अम्मी नऊ दिवस दवाखान्यात होती. गिळता येत नव्हतं, म्हणून तोंडाने थेंबभरही काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटच्या दोन रात्री अम्मी अडखळत "पाणी, पाणी" म्हणत राहिली आणि लेक ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत बसली. एकुलता भाऊ कुवेतला, त्याला दफनविधीपर्यंत पोचता आलं नाही. वडील आधीच वारलेले.

तीन महिन्यांपासून लेखिकेला एकच स्वप्न पडतं. अम्मी गावच्या घरी पडवीत बसलेली असते. काही बोलत नाही, फक्त रिकामा तांब्या पुढे करते. फजरच्या आधी लेखिकेला दचकून जाग येते. तिने हे खालाला (मावशीला) सांगितलं. खाला म्हणाली, "मयत खोटं बोलत नाही. तिच्या रूहला (आत्म्याला) तहान लागलीय, कबरीत तकलीफ आहे." खालाने एका आमिलकडे (तावीज-मंतर करणाऱ्याकडे) नेलं. त्याने सात जुम्मेरातींचा (गुरुवारांचा) अमल, म्हणजे विधी, सांगितला आणि एकवीस हजार रुपये मागितले. स्वप्नाची बातमी कुवेतपर्यंत पोचली आणि पंधरा दिवसांत भावाचा फोन आला की अम्मी त्याच्याही स्वप्नात आली होती. तिच्या पाटल्या त्याच्या मुलीच्या लग्नात द्याव्यात, असं ती म्हणाली. अम्मीचं सगळं मिळून नऊ तोळे सोनं लेखिकेकडे आहे. नवरा म्हणतो, दोन्ही स्वप्नं बकवास आहेत, झोपेची गोळी घे. लेखिका विचारते: अम्मी खरंच अजाबात (कबरीतल्या शिक्षेत) आहे का? आमिलला पैसे द्यावेत का? आणि भाईने पाटल्यांसाठी स्वप्न रचलं असेल, तर त्याचं काय करायचं?

---

वालैकुम अस्सलाम. पत्रात तू मला आपा म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, घरातल्या किताबा वाचल्या, आणि ज्यांना खरंच कळतं त्यांना विचारत राहिले. फतवा हवा असेल तर मुफ्तीसाहेबांकडे जा. माझ्याकडून एका म्हाताऱ्या बाईचा सल्ला मिळेल, तेवढाच.

पाचही पानं मी दोनदा वाचली. त्यात स्वप्नावर दोन पानं आहेत, सोन्यावर दीड, आणि दवाखान्यातल्या त्या दोन रात्रींवर चारच ओळी. मला मात्र त्या चार ओळींपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तो तांब्या तिथूनच रिकामा निघालाय.

झटका आल्यावर गिळण्याचे स्नायू लुळे पडले की पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. माणूस गुदमरतो किंवा न्यूमोनिया होतो. म्हणून डॉक्टर तोंड बंद ठेवायला सांगतात. हे तुला माहीत आहे, तू स्वतः लिहिलंयस. तरीही पुढच्याच वाक्यात म्हणतेस, "मी माझ्या आईला तहानलेली पाठवली." आता ऐक. मरणाच्या वाटेवरच्या माणसाजवळ बसणाऱ्याने काय करावं, हे फिक्हवाल्यांनी, म्हणजे धर्मनियम सांगणाऱ्या विद्वानांनी, शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. इब्न कुदामा (मृत्यू 1223) हे हंबली मसलकचे (धर्मनियमांच्या एका परंपरेचे) मोठे नाव. ते लिहितात की त्याचा घसा थेंबाथेंबाने ओला ठेवावा आणि ओठ कापसाने भिजवावेत. घशाला मनाई होती, म्हणून तो भाग तुझ्या हाताबाहेरचा. जे हातात होतं, तो कापूस, तो तू दोन रात्री खाली ठेवला नाहीस. आठशे वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये बसून कुणी जी खिदमत सांगितली, ती तू न वाचता केलीस.

माहीमच्या मखदूमबाबांची गोष्ट तू नक्की ऐकली असशील. कोकणी घरातल्या कुठल्या मुलाने ऐकली नाही? मखदूम अली माहिमी (1372-1431), कुरआनवर भाष्य लिहिणारे, आपल्याच शाफई मसलकचे आलिम. लहानपणी एका रात्री आईने पाणी मागितलं. ते पेला घेऊन आले तोवर आईला झोप लागली होती. तिला उठवायचं नाही आणि ती उठली तर पाणी तयार हवं, म्हणून मुलगा पहाटेपर्यंत पेला हातात धरून उभा राहिला. तू या गोष्टीचा उल्लेख केला नाहीस, पण मला वाटतं ती तुझ्या आत कुठेतरी टोचत असणार. आता ती जरा नीट आठवून बघ. त्या रात्रभरात आईने पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. पेला भरलेलाच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या आपण जी सांगतो ती उभं राहण्याची गोष्ट आहे. आणि उभी तर तूही होतीस, नऊ रात्री.

आता खालाचं म्हणणं. खालाचा हेतू वाईट नसेल. बहीण गेलीय तिची, तिलाही काहीतरी करायचंय. पण "मयत खोटं बोलत नाही" हे वाक्य आपल्याकडे हदीस (पैगंबरांचं वचन) असल्यासारखं फिरतं, त्याची जरा चौकशी करायला हवी. गेलेला माणूस सत्याच्या घरी पोचलेला असतो, म्हणून तो सांगेल ते खरं, असा त्यामागचा विचार. ख्वाबांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या लोकांनीही तो मांडलाय. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: जे दिसलं ते खरोखर ते माणूसच होतं. हे कोण ठरवणार? पैगंबर (स.) यांनी फरमावलंय की ज्याने मला स्वप्नात पाहिलं त्याने मलाच पाहिलं, कारण सैतान माझं रूप घेऊ शकत नाही. ही हमी त्यांच्यापुरती आहे. तुझ्या अम्मीच्या, माझ्या अब्बांच्या रूपाबद्दल अशी हमी कुठेच दिलेली नाही.

आणि गंमत बघ. जिथे हमी आहे तिथेसुद्धा आलिमांनी स्वप्नाला हुकूम चालवू दिलेला नाही. इमाम नववी (मृत्यू 1277) म्हणजे आपल्या शाफई लोकांचा आधारस्तंभ. ते म्हणतात, शाबानची, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याची, तिसावी रात्र आहे, चंद्र दिसलेला नाही, आणि एखाद्याला स्वप्नात खुद्द पैगंबरांनी (स.) सांगितलं की आज रमजान लागला, तरी त्या स्वप्नाच्या आधारावर रोजा धरता येत नाही. झोपेतला माणूस नीट ऐकून नीट लक्षात ठेवण्याच्या अवस्थेत नसतो, म्हणून त्याची साक्ष चालत नाही. पैगंबरांच्या स्वप्नाने एक रोजा ठरत नाही, तिथे रिकाम्या तांब्याने तुझ्या आईच्या कबरीचा हाल ठरेल?

यावर एक हदीस आहे, बुखारी या हदीससंग्रहातली. ती तुला मुद्दाम सांगते, कारण त्यात तुझ्यासारखीच एक बाई आहे. उम्मुल अला, मदिनेच्या अन्सारांपैकी, म्हणजे तिथल्या स्थानिक मुसलमानांपैकी. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना कुणाच्या घरी ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, तेव्हा उस्मान बिन मजऊन तिच्या घरी आले. ते आजारी पडले, तिनेच शुश्रूषा केली, आणि ते तिच्याच घरात वारले. कफन झाल्यावर तिच्या तोंडून निघालं, "अल्लाहने तुम्हांला नक्कीच सन्मान दिला." पैगंबर (स.) तिथे आले होते. त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?" मग म्हणाले की मी त्याच्यासाठी भल्याचीच आशा करतो, पण अल्लाहचा रसूल असूनही मला माहीत नाही माझं काय होणार आहे. बिचारी दुःखी झाली. तशीच झोपली, आणि स्वप्नात तिला उस्मान यांच्यासाठी वाहणारा एक झरा दिसला. तिने येऊन सांगितलं तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, "ते त्याचं अमल (सत्कर्म) आहे."

मी ही हदीस कितीतरी वेळा शिकवली असेल, पण तिच्यातली ती बाई मला उशिरा दिसली. आजाऱ्याची सेवा करून थकलेली, आपण बोललो ते चुकलं का म्हणून हिरमुसलेली, आणि मग पाणी दिसलेली. असो. मुद्दा हा की, सहाबींपैकी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांपैकी, एका सज्जन माणसाबद्दल "तो नक्की सुखात आहे" असं म्हणायचीही मुभा मिळाली नाही. मग खालाला तुझ्या अम्मीबद्दल "ती नक्की तकलीफमध्ये आहे" असं म्हणायचा अधिकार कुणी दिला? अम्मीबद्दल तुझ्या हातात आशा आहे आणि दुआ आहे. निकाल कुणाच्याच हातात नाही. आमिलच्या तर नाहीच नाही.

तर मग ते स्वप्न आहे तरी काय? सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात स्वप्नांचे तीन प्रकार सांगितलेत. एक अल्लाहकडून येणारी खुशखबर, दुसरं दुःखी करण्यासाठी सैतानाकडून येणारं, आणि तिसरं माणूस स्वतःच्या मनाशी जे बोलतो ते. तुझं कुठल्या प्रकारातलं, हे छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण तुझ्याच पत्रावर बोट ठेवते: "दिवसभर मनात तेच येतं, की तिला दोन चमचे पाणी दिलं असतं तर काय झालं असतं." दिवसभर जे मनाशी बोलतेस, ते रात्री तांब्या होऊन समोर येत असेल तर त्यात गूढ काय? आपले लोक लगेच पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकाराकडे धावतात. तिसरा प्रकार हदीसमध्येच आहे, हे विसरतात. नवऱ्यालाही हे सांग. स्वप्न बकवास म्हणायची गरज नाही आणि गोळी हे त्याचं पहिलं उत्तर नाही.

जिवंत आणि मृतांच्या रूह झोपेत भेटतात का, यावर जुन्या आलिमांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. सूरह जुमरच्या 42 व्या आयतीत म्हटलंय की अल्लाह मरणाच्या वेळी जीव काढून घेतो आणि जे मेले नाहीत त्यांचे झोपेत. तिच्या आधाराने इब्न कय्यिम (1292-1350) यांनी अशी भेट होते असं मानलं आहे. तू ते मान. मलाही ते मानावंसं वाटतं. माझे अब्बा अधूनमधून येतात स्वप्नात, बहुधा चष्मा शोधत. पण भेट झाली असं मानणं वेगळं आणि त्या भेटीत हुकूम मिळाला असं मानणं वेगळं.

ख्वाबनामा, म्हणजे स्वप्नांचे अर्थ सांगणारं पुस्तक, उघडू नकोस. माझ्या नानांकडे पिवळ्या पानांचा एक होता. आम्ही मावसभावंडं पडलेल्या दातांचा अर्थ शोधून एकमेकांना घाबरवत असू. इब्न सीरीन यांच्या नावाने असली पुस्तकं बाजारात मिळतात, पण बसराचे हे बुजुर्ग 729 मध्ये वारले आणि त्यांच्या नावावर खपणारी स्वप्नांची किताब त्यांनी लिहिलेली नाही, असंच अभ्यासकांचं मत आहे. त्यांची एक गोष्ट मात्र सांगतात. दोन माणसं आली, दोघांनाही स्वप्नात आपण अजान देतोय असं दिसलं होतं. एकाला ते म्हणाले, तू हजला जाशील. दुसऱ्याला म्हणाले, चोरीत तुझा हात कापला जाईल. स्वप्न एकच, माणसं दोन. मग "मयत पाणी मागते" याचा एकच छापील अर्थ सगळ्यांच्या अम्मींना कसा लागू पडेल?

आमिलला एक रुपयाही देऊ नकोस. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण यात तोलूनमापून बघण्यासारखं काही नाही. तुझ्या दुःखाची किंमत त्याने एकवीस हजार लावली. सात जुम्मेराती झाल्या की आठवी लागेल. भीती घालून पैसे उकळणाऱ्यांना चाप लावायला महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो धमकावायला लागला तर पोलिसांत जायला लाजू नकोस.

आता तुझं चुकलं कुठे ते सांगते. रागावू नकोस. वाईट स्वप्न पडलं तर काय करायचं, हे पैगंबरांनी (स.) अगदी बारकाव्यानिशी सांगितलंय: डाव्या बाजूला तीनदा हलकेच थुंकल्यासारखं करावं, अल्लाहची पनाह मागावी, कूस बदलावी, उठून नमाज पढावी, आणि कुणाला सांगू नये. तू हे शेवटचं सोडून बाकी सगळं केलंस. आधी नवऱ्याला सांगितलंस, मग खालाला, खालाने आमिलला आणि भाभीला, भाभीने कुवेतला. एकदा एक अरब आला आणि म्हणाला, माझं डोकं कापलं गेलं आणि ते घरंगळत चाललं होतं, मी त्याच्यामागे धावत होतो, असं स्वप्न पडलं. त्याला पैगंबरांनी (स.) सांगितलं की सैतान झोपेत तुझ्याशी खेळतो ते लोकांना सांगत बसू नकोस. स्वप्न न सांगण्यात केवढं शहाणपण आहे, ते तुला आता वेगळं सांगायला नको. तांब्या तुझ्या मनात होता तोवर तो फक्त तुझा होता. तोंडाबाहेर पडला, आणि त्यात आधी एकवीस हजार आले, मग पाटल्या आल्या.

वाईट स्वप्न पडलं तर काय करायचं, ती हदीस सांगणारे अबू कतादा स्वतःबद्दल सांगतात की मला अशी स्वप्नं पडायची की मी आजारी पडायचो, मग हे ऐकलं आणि सुटलो. म्हणजे तुझ्यासारखे लोक तेव्हाही होते.

आणि हेच अबू कतादा आणखी एका प्रसंगात भेटतात. एक जनाजा आणला गेला. त्या माणसावर दोन दिनारांचं कर्ज होतं (काही कथनांत तीन). पैगंबर (स.) नमाज पढवायला तयार होईनात. अबू कतादा म्हणाले, ते कर्ज माझ्यावर, तेव्हा नमाज झाली. हे सांगायचं कारण असं की अम्मीसाठी काही करायचंय, हात रिकामे ठेवून बसवत नाही, हे मला समजतं. मग ते खऱ्या कामांना लाव. अम्मीची कुठे उधारी होती का? गावच्या दुकानात, भिशीत, कापडवाल्याकडे? जुन्या बायका उधारी तोंडपाठ ठेवतात आणि आपल्यासोबत घेऊन जातात. गावी जाऊन चार घरं विचार. आजारपणात तिचे रोजे सुटले असतील तर त्यांच्या फिदियाचं (भरपाईच्या दानाचं) काय, हे शाफई मसला माहीत असलेल्या इमामसाहेबांना विचार. ही कामं स्वप्न पडलं नसतं तरी करायचीच होती. स्वप्नाने तुला तिथवर ढकललं असेल तर त्या स्वप्नाचं भलं झालं म्हणायचं.

आणि पाणी. साद बिन उबादा यांची आई गेली तेव्हा ते घरी नव्हते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, मी तिच्या वतीने सदका (दान) केला तर तिला पोचेल का? उत्तर मिळालं, हो. मग विचारलं, कुठला सदका सर्वांत चांगला? उत्तर: पाणी. त्यांनी विहीर खणली आणि म्हणाले, ही सादच्या आईची. तुझ्या गावचं मी तुला काय सांगावं? चार महिने छपरावर पाऊस बदडतो आणि मे महिन्यात वरच्या वाडीतल्या बायका टँकरची वाट बघत कळशा मांडून बसतात. एकवीस हजारांत विहीर होत नाही, पण बंद पडलेला पंप दुरुस्त होतो, टाकी बसते, एखाद्या वाडीला दोन-तीन टँकर मिळतात. तेवढेही नसतील तर शाळेच्या व्हरांड्यात एक माठ ठेव आणि तो रोज भरणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे दे. पिणारा हिंदू की मुसलमान हे माठ विचारत नाही, सदकाही विचारत नाही. फक्त अम्मीची तहान भागावी म्हणून करू नकोस. ती तहानलेली आहे हे आपण मान्यच केलेलं नाही. तिच्या नावाने करतेय, एवढी नियत पुरे. दुआ आणि सदका मयतला पोचतो यावर सगळ्या आलिमांचं एकमत आहे. कुरआनख्वानीच्या सवाबावरून (मयतसाठी केलेल्या कुरआन पठणाच्या पुण्यावरून) घराघरांत भांडणं होतात, त्यात पडू नकोस. कब्रस्तानात बायकांनी जावं की नाही याचंही तेच. जमात जाऊ देत असेल तर जा, नसेल तर मुसल्यावर बसून हात वर कर.

आता सोनं. इथे मला तुला जरा अडवायचंय.

स्वतःचं स्वप्न तू अम्मीचा निरोप मानलंस आणि भाईचं स्वप्न "पाटल्यांसाठी रचलेलं". का गं? तराजू एकच वापर. तुझं स्वप्न कबरीची खबर नाही, तसं भाईचं स्वप्न वसियतनामा नाही. पण तुझं जसं खरोखर पडलं, तसं त्याचंही पडलं असू शकतं. घरात लग्नाची मुलगी आहे, डोक्यात खर्चाचा हिशेब आहे, बहिणीच्या स्वप्नाची बातमी नुकतीच कानावर आलीय, आणि आई गेलीय. एवढ्यावर स्वप्न पडायला कितीसा वेळ लागतो? खोटं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना गाठ मारायला सांगितलं जाईल, ही हदीस तुला माहीत आहे. पत्रात ती तू भाईवर फेकायची तयारीही केलेली दिसतेय. फेकू नकोस. ती आपण स्वतःसाठी ठेवायची, स्वप्न दुसऱ्यांदा सांगताना त्यात आपण काय भर घातली हे तपासायला.

हिशेब मात्र स्वप्नाबाहेरचा आहे आणि तो साफ आहे. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी. मग जिवंतपणी केलेली वसियत असेल तर ती, फार तर एक तृतीयांशापर्यंत. उरलेलं वारसांत. तू लिहिल्याप्रमाणे वारस तुम्ही दोघंच असाल तर सूरह निसाच्या 11 व्या आयतीप्रमाणे भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. देणं काही नसेल तर नऊ तोळ्यांत त्याचे सहा, तुझे तीन. अम्मीने जिवंतपणी, होशमध्ये, चार माणसांसमोर "पाटल्या नातीला" म्हटलं असतं, तर बाप जिवंत असल्याने नात वारस ठरत नाही, म्हणून तीन तोळ्यांपर्यंत तशी वसियत चालली असती. तसं ती कधी बोलली होती का, हे मात्र प्रामाणिकपणे आठव. खालालाही विचार. बोलली असेल तर ती गोष्ट मोजायची, स्वप्न नाही.

भाई कदाचित तुला साबित बिन कैस या सहाबींचा किस्सा सांगेल. हा किस्सा अशा वेळी हमखास निघतो. यमामाच्या लढाईत ते शहीद झाले. कुणीतरी त्यांचं चिलखत उचललं. ते दुसऱ्याच एका सैनिकाच्या स्वप्नात आले, चिलखत छावणीच्या टोकाला एका हंडीखाली झाकलेलं आहे असं सांगितलं, आणि आपल्या कर्जाबद्दलही सांगितलं. सेनापती खालिद बिन वलीद यांनी माणूस पाठवला, चिलखत तिथेच सापडलं, आणि पहिले खलीफा हजरत अबू बक्र यांनी ती वसियत पुरी केली. मरणानंतर केलेली वसियत पुरी झाल्याचं दुसरं उदाहरण नाही, असं सांगणारेच म्हणतात. आणि बघ, आधी हंडी उचलून खात्री झाली. शिवाय ज्याला स्वप्न पडलं त्याला त्यातून एक दमडीही मिळायची नव्हती.

भाचीला पाटल्या द्याव्यात असं तुला मनापासून वाटलं, तर तुझ्या तीन तोळ्यांतून दे, तुझी भेट म्हणून, तुझ्या हाताने. नाही वाटलं तर नको देऊस, गुन्हा नाही. पण सोनं कपाटात ठेवून वर्ष काढू नकोस. त्याचे सहा तोळे ही त्याची अमानत आहे आणि ती आठ महिने तुझ्याकडे आहे. याबद्दल तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस.

झोपेचं तेवढं गंभीरपणे घे. तीन महिने पहाटे दचकून उठतेस, जेवण कमी झालंय, शाळेत मुलांवर ओरडतेस. असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना भेट. बाहेर जायचा संकोच वाटत असेल तर 14416 हा सरकारच्या टेलीमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मनाचा इलाज केल्याने ईमान कमी होत नाही.

आणि भाईला फोन कर. सोन्याने सुरुवात करू नकोस. त्याला त्या नऊ रात्री सांग, कापसाचं सांग. तो कुवेतला होता, विमानाचं तिकीट मिळेपर्यंत माती देऊन झाली होती, हे तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलीस. मी त्या अर्ध्या ओळीवर बराच वेळ थांबले होते. तुझ्याकडे निदान ओठ ओले केल्याची आठवण आहे, त्याच्याकडे तीही नाही. पाटल्या बाजूला ठेवून त्याला एवढंच विचार: तुला दिसली तेव्हा अम्मी कुठे बसली होती, आणि तिच्या अंगावर कुठली साडी होती?